पाय ठेवू नका

आमच्या परसात ऊन टिकत नाही.
मागे अजिंक्यताऱ्याची चढण,
डावीकडे मुलाण्यांच्या फणसाची छत्री.
थंडीत तर सूर्य किल्ल्याच्या खांद्यावरून
उशिरा येतो, लवकर जातो,
चपला न काढणाऱ्या पाहुण्यासारखा.
गुलाब लावला, काटे आले.
मोगऱ्याला नुसती पानं,
तीही उपकार केल्यासारखी.
तुळससुद्धा गच्चीवर न्यावी लागली.

मग यवतेश्वरच्या घाटात रस्ता रुंद झाला.
जेसीबीनं दरड ओरबाडली
आणि रस्त्याकडेच्या ढिगात
हिराबाई आखाड्यांना तीन कांदे दिसले.
मंगळवारी त्या खवा घेऊन माची पेठेत येतात.
डब्याशेजारी, पळसाच्या पानात गुंडाळून आणले.
"सापकांदा हाय. जिभंला लावू नगा,
सुया टोचल्यागत व्हतंय.
उन्हाचं वावडं हाय त्येला. तुमच्याकडं रुजंल."
माझ्या परसाची एवढी स्तुती
आजवर कुणी केली नव्हती.

वीतभर खड्डा. तळाला फुटक्या कौलांची खापरं,
वर फणसाचा दोन वर्षं कुजलेला पाला.
शमीम भिंतीवरून घमेली देत राहिली,
"घ्या वहिनी, आमचाही कोपरा साफ झाला."
डोळा वर ठेवून तिघांना निजवलं.

पहिल्या वर्षी एक मी मारला.
चैत्र तापला, मला राहवेना,
रोज संध्याकाळी तांब्याभर पाणी.
निजलेल्या माणसाच्या तोंडात
घास कोंबावा, तसं.
उकरलं तर बोटांना लगदा लागला, आणि वास.
हिराबाई खवा तोलता तोलता म्हणाल्या,
"उन्हाळाभर मेल्यागत ऱ्हातो त्यो.
तहान लागली की त्योच उठंल की."

हात आवरायला शिकले.
त्याला साठी उलटावी लागली.

दुसऱ्या वर्षी एकेकच पान,
छत्रीच्या काड्यांसारखं गोल उघडलेलं,
दसऱ्याच्या आसपास पिवळं पडून आडवं.
बस्स.

तिसऱ्या वर्षी पानाच्या आधी फणा आला.
पांढरा, कडेला जांभळट,
पुढे वाकून कुणाचंतरी ऐकत असल्यासारखा.
सिलिंडरवाला दोन पावलं मागे सरला.
शमीमची नात तहसीन कॉलेजात हेच शिकते,
गुडघ्यांवर बसून तिनं आत डोकावलं.
"काकू, हा सध्या पुरुष आहे.
कांदा पोसला की बाई होईल.
एखादं साल उपाशी गेलं की परत पुरुष."
मी इतकी हसले की दारात कपडे वाळत घालणारी
समोरची सूनही हसली, कारण न कळता.

फळ धरायचं तर पोटात साठवण हवी,
ती ज्याच्याकडे, त्यानं बाई व्हायचं.
आमच्या वेळी हिशेब उलटा होता.
आधी बाई व्हा,
साठवणीचं मागाहून बघू.

गेल्या नवरात्रात पानं लोळली
आणि खालून मक्याएवढं लाल कणीस निघालं.
दोघांपैकी एकाचं.
दुसरा अजून पुरुषच आहे, बारीक,
त्याला घाई नाही.
निम्मे दाणे बुलबुलांनी नेले, न विचारता.
उरलेले मी फणसाखाली दाबले,
तीन हिराबाईंच्या पदरात बांधले.
त्यांनी गाठ दोनदा तपासली.

आता माघ आहे. तिथं काही नाही.
काळी माती, वर पाला,
आणि एक कौल, त्यावर कोळशानं लिहिलेलं:
पाय ठेवू नका. झोपले आहे.

परवा लाईटचं मीटर वाचायला नवा पोरगा आला.
कौल वाचून थबकला.
हळूच म्हणाला, "काकू, कोण?"
मी ओठांवर बोट ठेवलं.
तो बूट हातात घेऊन, भिंतीला घासत,
मीटरपर्यंत गेला.